महिला मंडळाचे नवे अध्यक्ष

आमच्या मंडळीला दोन वर्षं पाळक नव्हता आणि त्या दोन वर्षांत काहीही अडलं नाही, ही गोष्ट आमच्या पंच कमिटीच्या अजून लक्षात आलेली नाही. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीचा वास जिथपर्यंत पोचतो त्या हद्दीत आमचं छोटंसं चर्च आहे. झाडलोट बायकांची, रविवारची मुलांची शब्बाथ शाळा बायकांची, गाणी बायकांची, आजाऱ्याच्या घरी जाणारा डबाही बायकांचाच. कमिटीचे पुरुष दर महिन्याला जमायचे, ‘पाळकाविना मंडळीचं अतोनात नुकसान होत आहे’ असा ठराव करायचे आणि आम्ही केलेला चहा पिऊन घरी जायचे.

मी कांता उजागरे. जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स होते, त्यामुळे अजून सगळे मला सिस्टरच म्हणतात. सुई बघून भोवळ येणारे पुरुष मी इतके पाहिलेत, की एखादा नुसता उंच जागी उभा राहिला म्हणून मला त्याचा वचक वाटत नाही. कमिटीचे सेक्रेटरी शमुवेल रणपिसे यांना हे माहीत आहे आणि म्हणून मी त्यांना आवडत नाही. ते महापालिकेतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. फाईल दाबून ठेवायची सवय मात्र निवृत्त झाली नाही. ‘सध्यापुरतं’ हा त्यांचा लाडका शब्द. एकदा रणपिसे ‘सध्यापुरतं’ म्हणाले, की ती गोष्ट तुमच्या नातवंडांपर्यंत चालणार असं समजायचं.

तर आमच्या पंथाच्या वरच्या बोर्डाने शेवटी पाळक पाठवला, आणि तो पाळक बाई निघाली. मृणाल साळवे. वय चौतीस, चार वर्षं धर्मशिक्षण घेतलेली, रीतसर दीक्षा झालेली. बोर्ड बायकांना दीक्षा देऊ लागलं त्याला बरीच वर्षं झाली, पण ते वर. खाली आमच्यापर्यंत ते उतरलं नव्हतं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण ‘कोणीही पाठवा पण पाठवा’ अशी रडगाणी बोर्डाकडे रणपिसेंनीच गायली होती.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने व्यवस्था लावली. पाळकबाईंनी उपदेश करावा, पण वरच्या व्यासपीठावरून नको. खाली पेटीजवळ गाणाऱ्या बायकांचं एक लोखंडी स्टँड आहे, तिथून. वर जायला तीनच पायऱ्या आहेत. त्या पुसायला बायका चालतात. आणि प्रभुभोजन, म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी मेजावरून भाकर आणि द्राक्षरस द्यायचा तो विधी, तो मृणालने करायचा नाही. त्यासाठी ठाण्याहून, कोपरीतून, निवृत्त पाळक रेव्हरंड पाटोळे यांना आणायचं. पाटोळे चौऱ्याऐंशीचे. माणूस साधा आहे, पण कानाने ठार बहिरे, हात थरथरतात, आणि मधेच वाक्य विसरून ते भलत्याच प्रार्थनेत शिरतात. गेल्या नाताळात त्यांनी बाप्तिस्म्याची प्रार्थना म्हटली होती आणि सगळे ‘आमेन’ म्हणाले होते.

“सध्यापुरतं हं, पाळकीणबाई,” रणपिसे मृणालला म्हणाले.

पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. ती आमच्या ख्रिस्ती रीतीने हात जोडून म्हणाली, “सलाम, रणपिसेकाका. मी स्वतःच पाळक आहे.”

“तेच ते,” रणपिसे म्हणाले.

मृणाल शांत होती. मला तिच्या शांतपणाचाच राग यायचा. “सिस्टर, आवाज खालूनही पोचतो,” ती म्हणायची. पोचायचाच. ती बोलायला लागली की मागच्या बाकावरचे पेंगणारेसुद्धा जागे व्हायचे. पण प्रश्न आवाजाचा नव्हता. प्रश्न होता विमलाबाईंचा.

विमलाबाई नव्वदीच्या. नगरकडून लग्न होऊन ठाण्यात आल्या आणि बायबल बाई झाल्या. बायबल बाई म्हणजे घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणारी, बायकांना अक्षर शिकवणारी, बाळंतपणाला आणि मयताला सर्वांच्या आधी पोचणारी बाई. खोपटच्या एसटी डेपोमागे कंडक्टर-मेकॅनिकांच्या खोल्या होत्या, तिथून त्यांनी सुरुवात केली. आमच्या मंडळीतली अर्धी घरं त्यांच्यामुळे इथे आली. रणपिसेंना पहिलं वचन पाठ करून घेतलं तेही त्यांनीच. त्या वेळच्या कमिटीने त्यांना नेमलं ते ‘पुरुष उपदेशक मिळेपर्यंत सध्यापुरतं’ म्हणून. तो उपदेशक काही मिळाला नाही. निवृत्तीला त्यांना एक साडी आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि व्यासपीठावर त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायला एक पुरुष चढला.

मृणाल आली त्या महिन्यापासून विमलाबाईंनी प्रभुभोजन घेणं सोडलं. पाटोळे भाकरीची ताटली घेऊन बाकापाशी आले की त्या ती तशीच पुढे सरकवायच्या. जन्मभर एकही पहिला रविवार न चुकवलेली बाई! मी विचारलं तर म्हणाल्या, “येकदा बाईच्या हातनं घ्यायचंय मला, कांता. मग खुशाल जाईन. न्हाई मिळालं तर तशीच जाईन.”

मला धसका बसला. या बाईला प्रभूच्या भाकरीशिवाय मरू देणं म्हणजे केवढं पाप, हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. मृणालने त्यांच्या घरी जाऊन प्रभुभोजन देण्याची परवानगी मागितली. रणपिसे म्हणाले, सध्यापुरतं थांबा. नव्वदीच्या बाईला थांबा म्हणायला हेडक्लार्कच लागतो.

पुढची चाल त्यांनीच खेळली आणि तिथे फसले. आमच्याकडे जुना नियम आहे. पाळकाशी ज्याचं लग्न झालंय, ती व्यक्ती महिला मंडळाची अध्यक्ष. पाळक नव्हता म्हणून ती जागाही रिकामी होती. एका बुधवारी आमच्या सभेला रणपिसे खोबरेल लावलेलं हसू घेऊन आले आणि म्हणाले, “मृणालबाईंनी अध्यक्षपद स्वीकारावं अशी कमिटीची प्रेमाची विनंती आहे.”

ती विनंती नव्हती, पिंजरा होता. एकदा मृणाल पाळकीणबाईच्या खुर्चीत बसली, की बोर्डाला कळवता येतं: आमच्याकडे पाळकीणबाई आहेत, आता पाळक पाठवा. मृणालच्या ते लक्षात आलं होतं. ती काही बोलायच्या आत मी उठले.

“रणपिसे, अध्यक्ष कोण होतं?”

“पाळकाशी लग्न झालेलं माणूस. मंडळीच्या घटनेतच आहे.”

“मग मृणाल अध्यक्ष व्हायला तिचा नवरा पाळक पाहिजे. दिपेश पाळक आहे का?”

“छे, तो रंगाच्या कंपनीत आहे.”

“मग पाळक कोण?”

रणपिसेंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. काचा स्वच्छ होत्या.

“पाळक ही,” मी म्हटलं. “आणि हिच्याशी लग्न केलंय दिपेशने. म्हणजे आमचा अध्यक्ष दिपेश. हात वर करा गं.”

सगळ्यांचे हात वर गेले. दिपेश बायकोला न्यायला आलेला, दारात हेल्मेट हातात घेऊन उभा होता. “मी? मी काय केलं? मी आत्ताच आलेलो,” तो म्हणाला. बायका इतक्या हसल्या की चहा उतू गेला. रणपिसेंची मात्र पंचाईत झाली. दिपेशला नाही म्हणावं तर नियम मोडतो, हो म्हणावं तर मृणाल पाळक ठरते. बराच वेळ चष्मा पुसून ते म्हणाले, “असू दे. सध्यापुरतं.”

दिपेश जातिवंत डोंबिवलीकर, अंगावर पडलेलं काम नीट करणारा. शिफ्ट संपली की बुधवारी सभेला यायचा. आमच्या रिवाजाप्रमाणे प्रभुभोजनाची तयारी अध्यक्षाने करायची असते, तीही तो शिकला. मनुका भिजवून उकळायच्या, फडक्यातून रस गाळायचा, बिनखमिराची पोळी तव्यावर भाजून तिचे बारीक तुकडे करायचे, छोटे छोटे पेले धुऊन पुसून मांडायचे आणि वर पांढरं कापड घालायचं. पहिल्या वेळी त्याने मनुका जाळल्या. दुसऱ्या वेळेपासून माझ्यापेक्षा चांगला रस काढू लागला. हे सगळं आम्ही शनिवारी करून ठेवतो. रविवारी त्या मेजाला हात लावायचा नाही, तो पुरुषांचा. कमिटीतल्या एकाही पुरुषाला ती भाकर कुठून येते हे ठाऊक नसावं. ती मेजावर आपोआप उगवते अशी त्यांची श्रद्धा आहे.

रविवारी दिपेश आमच्या बाजूला, बायकांच्या बाकावर बसायचा. पुरुष जाता येता म्हणायचे, “काय पाळकीणबाई, सलाम!” तोही हसून “सलाम भावा” म्हणायचा. पण एका रविवारी आमच्या रक्ततपासणी शिबिराची सूचना सांगायला तो सहज उभा राहिला, तेव्हा रणपिसेंनी वरून हात केला.

“महिला मंडळाच्या सूचना सेक्रेटरी वाचतात. महिला मंडळाने उपासनेत उभं राहून बोलायची पद्धत नाही.”

“अहो पण मी—”

“मंडळीत पद्धत आहे. बसा.”

दिपेश बसला. कानापर्यंत लाल झाला होता. जरा वेळाने माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, “सिस्टर, असं असतं होय?”

“असंच असतं,” मी म्हटलं. “गप बस, आता आपली लोणच्याची ऑर्डरसुद्धा तेच वाचतील.”

मंडळीच्या वाढदिवसाचा रविवार महिन्याच्या पहिल्या रविवारीच आला. विमलाबाई त्या दिवशी हट्टाने रिक्षा करून आल्या, सुनेच्या खांद्याला धरून. उपासना अर्ध्यावर आली आणि कोपरीहून फोन आला, पाटोळेंना ताप भरलाय. रणपिसे उठले आणि म्हणाले, “आज प्रभुभोजन होणार नाही. पुढच्या महिन्यात.”

मेजावर दिपेशच्या हातची भाकर मांडलेली. समोर दीक्षा झालेला पाळक उभा. आणि प्रभुभोजन होणार नाही! माझ्या तोंडात आलेला शब्द मी गिळला, कारण तो चर्चमध्ये बोलण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात विमलाबाई उठल्या. काठी टेकत पुढे गेल्या, मेजासमोरच्या कठड्यापाशी थांबल्या. गुडघे टेकणं शक्य नव्हतं, म्हणून उभ्यानेच दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

“विमलाबाई, बसा. आज नाहीये,” रणपिसे म्हणाले.

“मी तुज्याकडं मागत न्हाई, शमू,” त्या म्हणाल्या. “तू बस.”

मृणालने लोखंडी स्टँडवरचं पुस्तक मिटलं. तीन पायऱ्या चढली, मेजावरचं पांढरं कापड काढून घडी घातली, आणि भाकर हातात घेऊन उपकारस्तुतीची प्रार्थना म्हटली. एकही शब्द चुकली नाही. खाली आली आणि पहिला तुकडा विमलाबाईंच्या ओंजळीत ठेवला. म्हातारीने तो लगेच खाल्ला नाही. बघत राहिली. मी रडले, आणि इस्पितळात इतकी मरणं पाहून न रडलेली मी का रडतेय याची मला लाजही वाटली नाही. मग सगळ्या बायका उठल्या, दिपेश उठला, काही पुरुषही आले. कमिटी उठून बाहेर गेली आणि चपलांपाशी उभी राहिली.

त्याच आठवड्यात विमलाबाई गेल्या, झोपेतच. मातीला रणपिसेंनी दुसऱ्या मंडळीचा पाळक बोलावला. त्याने विमलाबाईंना दोनदा निर्मलाबाई म्हटलं.

आणि त्यानंतरच्या रविवारी रणपिसे वर चढले. विमलाबाईंची बसायची उशी अजून पहिल्या बाकावरच होती. घसा साफ करून ते म्हणाले, “मंडळीने कृपया नोंद घ्यावी. गेल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन झालेलं नाही. त्या दिवशी जे वाटण्यात आलं, तो महिला मंडळाचा अल्पोपहार होता.”

अल्पोपहार! मेलेल्या बाईच्या शेवटच्या घासाला हा माणूस अल्पोपहार म्हणाला. माझं डोकं फिरलं. शेजारी दिपेश उठायला निघाला, मग त्याला पद्धत आठवली आणि तो खाली बसला. विमलाबाईंची सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

उपासनेनंतर आम्ही स्वयंपाकघरात जमलो. कोणी रडत होतं, कोणी बोर्डाला कळवू म्हणत होतं. दिपेश कप विसळत म्हणाला, “सिस्टर, आपण करतो तो अल्पोपहार ना? मग मेजावर अल्पोपहार कशाला ठेवायचा? त्यांचं प्रभुभोजन त्यांनी करावं.” तीस-पस्तीस वर्षं या स्वयंपाकघरात उभी राहून मला जे सुचलं नाही ते याला काही महिन्यांत सुचलं. मृणालला आम्ही काही सांगितलं नाही. तिने अडवलं असतं.

पुढचा पहिला रविवार. पाटोळे ताप उतरून आले होते. चर्च भरलं होतं, कारण असल्या वेळी लोक भक्तीने येतात. गाणी झाली, मृणालने खालून उपदेश केला. पाटोळे थरथरत मेजापाशी गेले आणि पांढरं कापड उचललं.

खाली ताटल्या चकचकीत घासलेल्या, पेले लखलखीत पुसलेले. सगळं रिकामं.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. “अहो रणपिसे,” पाटोळे ओरडले, “भाकर कुठाय?”

रणपिसे वर गेले, कापडाखाली पाहिलं, मेजाखालीही पाहिलं. मग आमच्या बाजूला वळले. “भाकर कुठे आहे?”

बायका समोर बघत बसल्या. कोणी खोकलंसुद्धा नाही.

“मी विचारतोय! अध्यक्ष, तुम्ही बोला.”

दिपेशने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान हलवली. महिला मंडळाने उपासनेत बोलायची पद्धत नाही. पुरुषांच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कमिटीतला एक जण म्हणाला, बेकरीतून पाव आणूया का. दुसरा म्हणाला, रस कसला आणणार, काला खट्टा?

शेवटी रणपिसे तीन पायऱ्या उतरले आणि आमच्या बाकापाशी आले. “सिस्टर, काय ते बोला.”

“बोलू? मंडळीत?”

“बोला म्हणतोय ना.”

मी उठले. तिथून सगळ्यांना ऐकू गेलं असतं, पण मी पायऱ्या चढले आणि वरच्या व्यासपीठावर जाऊन उभी राहिले. तिथे धूळ होती. त्या आठवड्यात आम्ही पुसलं नव्हतं.

“विमलाबाईंनी याच मेजावरून, आपल्या पाळक रेव्हरंड मृणाल साळवे यांच्या हातून शेवटचं प्रभुभोजन घेतलं,” मी म्हटलं. “तो अल्पोपहार होता असं ज्याला वाटतं, त्याने उभं राहून सांगावं.”

कोणी उठलं नाही. रणपिसे उभेच होते. तेही पटकन जवळच्या बाकावर बसले. तो बायकांचा बाक होता.

“आमेन!” पाटोळे मोठ्याने म्हणाले. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे.

“भाकर आत आहे,” मी म्हटलं. “कोणाच्या हातात द्यायची तेवढं सांगा.”

रणपिसेंनी चष्मा पुसायला घेतला. मागून पुरुषच म्हणू लागले, अहो द्या ना, किती वेळ. तरी ते पुसतच होते. तेव्हा त्यांची बायको निशा उठली. लग्न होऊन आल्यापासून या बाईचा आवाज मी चर्चमध्ये फक्त गाण्यात ऐकलाय. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, झाकलेलं ताट घेऊन आली आणि मृणालच्या हातात दिलं.

“घ्या, पाळकसाहेब,” ती म्हणाली.

मृणाल पायऱ्या चढली. पाटोळेंना खुर्ची दिली, ते सुटल्यासारखे बसले, आणि तिने भाकर मोडली. रांग लागली. रणपिसे सगळ्यात शेवटी आले, जमिनीकडे बघत. तिने त्यांच्या तळहातावर तुकडा ठेवला, तितक्याच हळुवारपणे. मी ठेवला नसता.

उपासना सुटल्यावर ते दारात मला गाठून म्हणाले, “कमिटीशी बोलावं लागेल. हे सध्यापुरतं समजा हं, सिस्टर.”

“समजते की,” मी म्हटलं. “विमलाबाईंनाही सध्यापुरतंच नेमलेलं. चाळीस वर्षं.”